कापडावर उरलेल्यांचं काय?

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येऊ लागलं की घरोघरी तोटीला पांढरं फडकं बांधलं जातं. दोन दिवसांत ते तांबूस पडतं. मग ते सोडायचं, मोरीत झटकायचं, पिळून पुन्हा बांधायचं. फडक्यावर काय साठलं होतं ते कुणी निरखून पाहत नाही. पाहावं असं काही कारणही नसतं.

गाळणं घरात इतकं मुरलेलं आहे की त्यात दर वेळी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात, हे ध्यानातच येत नाही. चहा गाळला की खाली उतरलेला घ्यायचा आणि चोथा टाकायचा. पंच्यात दही बांधून टांगलं की नेमकं उलट: ठिबकतं ते पाणी जातं आणि पंच्यात राहिलेला चक्का श्रीखंडाला घ्यायचा. पीठ चाळलं की कोंडा गोठ्याकडे जातो. वैद्य चूर्ण वस्त्रगाळ करतो तेव्हा वर राहिलेली भरड पुन्हा खलात पडते. कापडाला किंवा चाळणीला यातलं काही कळत नाही. ती भोकाच्या मापाने वाटणी करून मोकळी होते. कोणती बाजू आपली, हे गाळणारा ठरवतो. दुसऱ्या बाजूचं काय करायचं, हेही त्यानेच ठरवायचं असतं. पण तो बहुधा तिकडे पाठ फिरवतो.

ही पाठ फिरवू न देणारा एक धर्म आहे. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात दिगंबर जैनांची वस्ती जुनी, आणि त्यांतले पुष्कळ जण पिढीजात शेतकरी. गावात मुनी आले की ज्या घरी आहाराची तयारी होते तिथे नळाचं पाणी चालत नाही. विहिरीचं पाणी ओढायचं, तेही गाळून. देवदर्शन, रात्री न जेवणं आणि पाणी गाळून पिणं ही जैन श्रावकाची ओळखीची तीन लक्षणं मानली जातात. त्यांतलं तिसरं दिसायला सगळ्यांत सोपं आणि नीट पाळायला बहुधा सगळ्यांत किचकट.

गाळण्याच्या कापडाचं माप परंपरेने सांगितलं आहे: छत्तीस अंगुळं लांब, चोवीस अंगुळं रुंद, आणि वापरताना दुहेरी घडी. कापड इतकं घट्ट विणीचं हवं की त्यातून सूर्याचं बिंब दिसू नये. इथपर्यंतचं सगळं कुठल्याही आरोग्य खात्याला पटेल. खरी गोष्ट पुढे सुरू होते. पाणी गाळून झालं की कापड उलटं धरून, गाळलेल्याच पाण्याने ते हलकेच धुवायचं आणि ते धुवण एका भांड्यात घ्यायचं. याला जिवाणी म्हणतात. ही जिवाणी ज्या पाण्यातून आली त्याच पाण्यात परत सोडायची. विहिरीची विहिरीत, नदीची नदीत. कारण एका पाण्यात जगणारा जीव दुसऱ्या पाण्यात तगेलच असं नाही. ती वरून ओतायचीही नाही. इतक्या उंचीवरून पडून जीव दगावतील. त्यासाठी बुडाला कडी असलेली बादली असते. ती पाण्याला टेकेपर्यंत सावकाश सोडायची आणि टेकल्यावरच कलंडवायची.

पिणाऱ्याच्या तब्येतीसाठी एवढा खटाटोप कुणी करणार नाही. पाण्यातल्या जिवांना माणसाच्या तहानेपासून वाचवायचं, हा या गाळण्याचा उघड हेतू आहे. माणसाचा फायदा झालाच तर तो वरकड.

अर्थात हा हेतूही पुरता सिद्धीला जात नाही, आणि जैन आचार्यांना ते पक्कं ठाऊक होतं. आचारांगसूत्राच्या पहिल्याच अध्ययनात पाणी हे स्वतःच सजीव मानलं आहे. पाण्यात राहणारे जीव निराळे, आणि पाणी हेच ज्यांचं शरीर आहे असे जलकायिक जीव निराळे. त्यांना एकच इंद्रिय, स्पर्शाचं. जगातलं कितीही दाट कापड त्यांना अडवू शकणार नाही, कारण अडवायला गेलं तर पाणीच वर राहील. म्हणजे गाळलेल्या पाण्याचा घोटही निर्दोष नाही. यावर परंपरेने काढलेली वाट व्यवहारी आहे. गृहस्थाने निदान चालत्याफिरत्या, म्हणजे त्रस जिवांची हिंसा टाळावी. स्थावर जिवांची हिंसा त्याच्या हातून होणारच; तिला आवर घालावा, पाणी बेताने वापरावं. गाळण्याचं कापड बरोबर या दोन जातींच्या सीमेवर ताणून धरलेलं आहे.

गाळलेलं पाणी कायमचं गाळलेलं राहतं असंही नाही. त्याची मुदत एक मुहूर्त, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. त्यानंतर त्यात पुन्हा जीव उपजतात असं मानलं जातं आणि कापड पुन्हा काढावं लागतं. लवंगेसारखा पदार्थ टाकून प्रासुक, म्हणजे जीवरहित, केलं तर दोन प्रहर चालतं, खळखळून उकळलं तर आठ प्रहर. इथे बाहेरच्या माणसाला हमखास अडखळायला होतं. एकेक जीव विहिरीत सोडायला जाणारा हा धर्म पाणी उकळायला कसा सांगतो? उकळल्यावर तर सगळेच मरतात! त्यावर दिलं जाणारं उत्तर हिशेबी आहे. कच्च्या पाण्यात जीव अखंड उपजतात आणि मरतात. एकदा उकळलं की ती परंपरा ठरावीक काळापुरती थांबते, एकूण मरणं कमी होतात. शिवाय साधू पाणी स्वतः उकळत नाहीत, आपल्यासाठी उकळायला सांगतही नाहीत; श्रावकाने स्वतःसाठी उकळलेल्यातलं घेतात. हे उत्तर सगळ्यांना पटेलच असं नाही. पण प्रश्न टाळलेला नाही, एवढं त्याचं श्रेय द्यावंच लागतं.

मनुस्मृतीही पाणी कापडाने गाळून प्यायला सांगते; सहाव्या अध्यायात, संन्याशाला. पाऊल नजरेने तपासून टाकावं, पाणी वस्त्राने गाळून घ्यावं, बोलणं सत्याने पारखलेलं असावं, असा तो क्रम आहे. हातून नकळत जीव मेले तर त्या यतीने स्नान करून सहा प्राणायाम करावेत, असंही पुढे सांगितलं आहे. गृहस्थाच्या वाट्याला मात्र वेगळंच काही येतं. तिसऱ्या अध्यायात त्याच्या घरातल्या पाच कत्तलखान्यांची यादी आहे: चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. आजीच्या स्वयंपाकघरातली ही सगळी सोज्वळ मंडळी, आणि स्मृतिकार त्यांना हिंसेची ठिकाणं म्हणतो! या पंचसूनांच्या दोषावर उतारा म्हणून पाच महायज्ञ रोज करायचे. जुन्या घरांत जेवणाआधी वैश्वदेव होत असे, त्यामागचं एक कारण हे.

दोन वाटांमधला फरक घड्यापाशी दिसतो. स्मृतीचा गृहस्थ कबूल करतो की घड्याने जीव मरतात, आणि देव, पितर, अतिथी, भूतमात्र यांचा वाटा काढून त्याची भरपाई करतो. मेलेल्या जिवाला त्याचा काही उपयोग नाही. हिशेब वेगळ्याच खात्यावर मिटतो. जैन श्रावक त्याच जिवाला घेऊन विहिरीवर परत जातो. तत्त्वज्ञान म्हणून कोणतं खोल, यावर पंडितांनी वाद घालावा. विहिरीतल्या जिवाला विचारलं तर त्याचं मत एकाच बाजूने पडेल.

बौद्ध भिक्षूच्या आठ वस्तूंत तीन चीवरं, पात्र, कमरपट्टा, वस्तरा आणि सुई यांच्या जोडीला पाण्याचं गाळणंही आहे. सगळा संसार आठ वस्तूंचा आणि त्यांत एक जागा गाळण्याला, यावरून त्याचं मोल कळतं. ते आवश्यक कसं झालं याची विनयपिटकातली कथा काही फार उदात्त नाही. कोसल देशात दोन भिक्षू वाटेने चालले होते. एकाचं वागणं बरोबर नव्हतं, दुसऱ्याने त्याला टोकलं, पहिल्याच्या मनात राग राहिला. पुढे टोकणाऱ्याला तहान लागली. त्याच्याजवळ गाळणं नव्हतं. सोबत्याने मागूनही दिलं नाही. न गाळता पाणी प्यायचं नाही म्हणून तो तहानेने मेला. यावर बुद्धाने नियम केले: वाटेत कुणी गाळणं मागितलं तर नाही म्हणायचं नाही, गाळण्याशिवाय प्रवासाला निघायचं नाही, आणि नसलंच तर चीवराच्या टोकाने काम भागवावं.

या कथेत पाण्यातले किडे वाचले आणि माणूस गेला. बुद्धाने मेलेल्याच्या निग्रहाचं कौतुक करण्याऐवजी गाळणं उसनं देण्याचा नियम केला, हे मुद्दाम लक्षात घेण्याजोगं. चीवराचं टोक चालेल ही सवलतही तशीच: नियमापायी पुन्हा कुणाचा जीव जाऊ नये.

सातव्या शतकात चीनहून आलेल्या इत्सिंगने नालंदेत सुमारे दहा वर्षं काढली आणि भारतीय विहारांतले रीतिरिवाज बारकाईने लिहून ठेवले. पाणी तपासणं आणि गाळणं यावर तो पानंच्या पानं खर्च करतो. बारीक रेशमी कापड, सकाळी पाण्याची तपासणी, आणि कापडावर आलेल्या जिवांना परत सोडण्याची पद्धत. विहिरीसाठी दोरीने खाली नेऊन पाण्याशीच उलटं करायच्या भांड्याचं वर्णनही त्याच्या लिखाणात आहे. म्हणजे जैन श्रावकाची कडीची बादली आणि बौद्ध विहारातलं हे भांडं सख्खी भावंडं.

पण कुठवर पाहायचं? ज्याला जास्त दिसतं त्याने जास्त टाळायचं का? बौद्धांच्या सर्वास्तिवादी परंपरेचा विनयावरचा एक टीकाग्रंथ आज चिनी भाषांतरात उरला आहे. त्यात बुद्धाचा शिष्य सारिपुत्त याची हकीकत येते. त्याने दिव्यदृष्टीने पाहिलं तर हवेतही जीव भरलेले दिसले, पाण्याकाठच्या वाळूसारखे, अगणित. त्याने खाणंच सोडलं. दोन-तीन दिवस गेले, तेव्हा बुद्धाने त्याला जेवण्याची आज्ञा केली. नियम साध्या डोळ्याला दिसणाऱ्या आणि गाळण्यात सापडणाऱ्या जिवांपुरता आहे. दिव्यदृष्टीला दिसणाऱ्यांसाठी तो केलेलाच नाही.

१६७४ मध्ये हॉलंडच्या डेल्फ्ट गावातल्या लेव्हेनहूक या कापडव्यापाऱ्याने तळ्याच्या पाण्याचा थेंब आपल्या भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारी सृष्टी पाहिली, तेव्हा सारिपुत्ताचा पेच सगळ्या माणसांचा झाला. त्या टीकाकाराने तो आधीच सोडवून ठेवला होता. त्याचं उत्तर पळवाट वाटू शकतं. पण पाळता येईल असा नियम करायचा तर कुठेतरी रेघ ओढावीच लागते, आणि ती कापडाच्या विणीवर ओढणं हे कुणाच्या तपोबलावर ओढण्यापेक्षा बरं. निदान कापड सगळ्यांकडे सारखं असतं.

ही रेघ किती अडचणीची असते हे २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यू वस्त्यांत दिसलं. या शहराचं बरंचसं पाणी कॅट्सकिल डोंगरांकडच्या जलाशयांतून येतं आणि ते इतकं चांगलं मानलं जातं की न गाळता, नुसतं निर्जंतुक करून, घरोघरी पोचवण्याची परवानगी शहराला आहे. त्या पाण्यात एक चिमुकला कवचधारी जीव सापडला: कोपेपॉड. आपल्या विहिरींत याच कुळातला सायक्लॉप्स असतो. लांबी साधारण एक मिलिमीटर. ज्यू धर्मशास्त्रात खेकडा, कोळंबी वर्ज्य. आणि हा त्यांचाच दूरचा भाऊबंद. मग नळाचं पाणी प्यायचं की नाही? जे नुसत्या डोळ्याला दिसत नाही ते धर्मशास्त्राच्या लेखी नाहीच, हे तत्त्व रब्बींनाही मान्य. पण हा प्राणी अडनिडा निघाला. पेला उजेडात धरला तर पांढरा ठिपका दिसतो, तो प्राणी आहे हे मात्र ओळखू येत नाही. दिसलं म्हणायचं की नाही? रब्बींमध्ये मतभेद झाले, आणि ब्रुकलिनमधल्या असंख्य घरांत नळाला गाळण्या बसल्या.

त्यातून दुसरा पेच निघाला. शब्बाथच्या दिवशी वर्ज्य असलेल्या एकोणचाळीस कामांत चाळणं आणि निवडणंही येतं. नळ सोडला आणि गाळणीतून पाणी आलं, तर शनिवारी गाळण्याचं काम केलं असं होतं का? (शब्बाथची ही शिस्त कोकणाला अनोळखी नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंना गावकऱ्यांनी शनवार तेली हे नाव दिलं ते यामुळेच.) इथे जिवाची दया नाही आणि आरोग्याची काळजीही नाही. देवाने घातलेली मर्यादा पाळायची आहे. कापड तेच, प्राणी तोच, पण गाळणं कुणासाठी याचं हे तिसरं उत्तर.

एवढ्या काटेकोरपणाची टिंगल न होती तर नवल. येशूने शास्त्रीपंडितांना मारलेला टोमणा प्रसिद्ध आहे: क्षुल्लक चिलट गाळून काढणाऱ्यांच्या घशाखाली अख्खा उंट उतरतो. उत्तर भारतात पाणी गाळून पिणाऱ्या सावकाराबद्दल तशीच एक म्हण चालते. ऋणकोचं रक्त तो न गाळताच पितो, असा तिचा भावार्थ. दोन्ही टोमणे जिव्हारी लागणारे आहेत, कारण ते खरे ठरण्याची सोय गाळण्यातच आहे. कापड हातात आलं की आपण शुद्धतेच्या बाजूला उभे आहोत असं माणसाला वाटायला लागतं, आणि पुढच्या पायरीवर तो पाण्याऐवजी माणसं गाळू लागतो.

महाडचं चवदार तळं हे त्याचं महाराष्ट्रातलं उदाहरण. मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांनी मांडलेला सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव १९२३ मध्ये मंजूर झाला होता आणि महाडच्या नगरपालिकेने तळं खुलं असल्याचं जाहीरही केलं होतं. तरी प्रत्यक्षात अस्पृश्यांना तिथे पाणी भरता येत नव्हतं. इतर धर्मांच्या लोकांना येत होतं, गुराढोरांना येत होतं. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ते पाणी ओंजळीने प्यायलं. त्यानंतर सनातन्यांनी तळ्याचं शुद्धीकरण केलं. दूध, दही, शेण, गोमूत्र यांच्या १०८ घागरी मंत्रघोषात तळ्यात ओतल्या, आणि पाणी आता सवर्णांना पिण्याजोगं झालं असं ठरलं.

पाण्याच्या दृष्टीने पाहिलं तर हा प्रकार अजब आहे. गाळणं म्हणजे पाण्यातून काहीतरी काढणं. इथे पाण्यात घागरींनी शेण घातलं गेलं. काढायचं होतं ते पाण्यात नव्हतंच. ज्या शुद्धतेला मोजायला भिंग नाही आणि जिच्यासाठी कापडाची वीण सांगता येत नाही, तिला प्रत्येक वेळी माणसांचीच चाळणी लागते. जैनांचं छत्तीस अंगुळांचं कापड आणि महाडच्या घागरी या दोन्हींवर धर्माचं नाव आहे, पण एका ठिकाणी बाजूला पडलेल्या किड्याची जबाबदारी घेतली जाते आणि दुसऱ्या ठिकाणी बाजूला टाकलेल्या माणसाची ओंजळही विटाळ ठरते.

पाण्यातला खरा, मोजता येणारा धोका काय असतो हे पन्नाशी-साठी ओलांडलेल्या गावाकडच्या माणसाला विचारावं. त्याला नारू आठवतो. पायावर फोड येतो, तो पाण्यात बुडवला की फुटतो आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोकावू लागतो. हा दोरा मीटरभर लांब असू शकतो. ओढून तोडला तर पाय सुजून पिकतो, म्हणून काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा बाहेर काढायचा. यात कित्येक आठवडे जातात, आणि बहुधा तेच दिवस पेरणीचे किंवा काढणीचे असतात. नारूवर औषध नाही, लस नाही. तो येतो पाण्यातून. नारू झालेला माणूस पायऱ्यांच्या विहिरीत उतरतो, जंत पाण्यात अळ्या सोडतो, त्या अळ्या सायक्लॉप्स खातो, आणि तो सायक्लॉप्स दुसरा कुणी पाण्याबरोबर पितो. पुढे वर्षभराने त्याच्या पायावर फोड येतो.

न्यूयॉर्कच्या रब्बींना ज्याने पेचात टाकलं, त्याच कुळातला हा प्राणी. जैन श्रावक शतकानुशतकं अलगद विहिरीत परत सोडत आला तोही, नकळत, हाच. तो मिलिमीटरभराचा असल्यामुळे साध्या कापडाच्या घडीवर अडकतो. गावातल्या प्रत्येकाने प्रत्येक घोट गाळून घेतला, तर सायक्लॉप्समधल्या अळ्यांना पुढे शरीर मिळणार नाही, आणि नारू आपोआप संपेल. सायक्लॉप्सला मारायचीसुद्धा गरज नाही. पिणारा वाचतो, सायक्लॉप्स वाचतो, एकटा नारू जातो. आरोग्याचं गाळणं आणि अहिंसेचं गाळणं इथे एकाच कापडावर भेटतात.

तत्त्वात तरी भेटतात. प्रत्यक्षात शेतावर तहानलेलं पोर ओंजळीने पितं आणि रोजंदारीवरची बाई घडी करत बसत नाही. त्यामुळे १९८३-८४ पासून चाललेल्या राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रमात गाळण्याच्या जाळ्या वाटल्या गेल्या, पायऱ्यांच्या विहिरी बंद किंवा दुरुस्त झाल्या, हातपंप बसले; आणि सायक्लॉप्स मारण्यासाठी पाण्यात टेमेफॉस टाकावं लागलं. भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचा दाखला दिला. जगात १९८६ मध्ये अंदाजे ३५ लाख लोकांना नारू होता. २०२३ मध्ये १४ जणांना. आता उरलेला नारू मुख्यतः आफ्रिकेत आहे, आणि चाडमध्ये तो माणसांपेक्षा कुत्र्यांत कितीतरी जास्त सापडतो. कुत्र्याला गाळून पी असं कोण सांगणार?

एक जीवजात पृथ्वीवरून मुद्दाम पुसून टाकण्याचा हा प्रयत्न आहे. अहिंसेचं गणित काटेकोर मांडणाऱ्याने इथे थांबून विचार करायला हरकत नाही, मात्र त्याने तो नारूच्या जखमेशेजारी बसून करावा. टेमेफॉसने मेलेल्या सायक्लॉप्सचा तर कुणी विचारही केला नाही. तो गुन्हेगार नव्हता, नुसतं वाहन होता. तरी मीटरभर जंत पायातून ओढून काढणाऱ्या शेतमजुरापुढे त्याची बाजू मांडायला धजणारा वकील मिळणं कठीण, आणि ते ठीकच आहे. कापडाने भागलं असतं तिथे विष वापरावं लागलं, एवढी नोंद मात्र राहायला हवी.

कापडाने किती भागतं याचा एक हिशेब बांगलादेशातून आला. रीटा कोलवेल आणि अन्वर हक यांच्या संशोधनात दिसलं होतं की कॉलऱ्याचे जंतू पुष्कळदा पाण्यातल्या प्लवकांना, त्यांत कोपेपॉडलाही, चिकटून राहतात. सुटा जंतू कापडातून सहज निघून जातो, पण स्वार झालेला जंतू घोड्यासकट अडकतो. मतलब भागातल्या ६५ गावांतल्या सुमारे १ लाख ३३ हजार लोकांबरोबर त्यांनी काम केलं. जुनी सुती साडी निदान आठ पदर होतील अशी घडी घालून कळशीच्या तोंडाला लावायची, इतकंच. साडी जुनीच हवी. धुऊन धुऊन सुतं फुगली की वीण भरते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कॉलऱ्याचं प्रमाण ४८ टक्क्यांनी घटलं. पाच वर्षांनी ते परत गेले तेव्हा सुमारे ३१ टक्के बायका अजून गाळत होत्या. आणखी एक गोष्ट आढळली: ज्या घरी गाळणं होत नव्हतं पण शेजारी होत होतं, तिथेही कॉलरा कमी होता. आपल्यासाठी गाळलेलं पाणी शेजाऱ्याच्याही उपयोगी पडलं.

शहरात हे सगळं नळापलीकडे गेलं आहे. मुंबईचं पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा दूरच्या तलावांतून येतं, भांडुप आणि पांजरापूरला वाळूच्या थरांतून गाळलं जातं, क्लोरिन पिऊन चौदाव्या मजल्यावर चढतं. तिथल्या जैन घरात तोटीला अजूनही कापड बांधलेलं दिसतं. जिवाणी मात्र कुठे न्यायची? पाणी नेमकं कोणत्या तलावाचं हे सांगता येत नाही, आणि तलाव शंभर-दीडशे किलोमीटर लांब. काही जण ती इमारतीच्या टाकीत सोडतात. व्रती आणि साधू यांच्यासाठी देवळाच्या आवारातली विहीर राखली जाते, त्यामागे पावित्र्याइतकीच ही अडचणही आहे: विहिरीला परतीची वाट असते, नळाला नसते.

आरओ यंत्राने तर दुसरी बाजू भिंतीआडच ढकलली. त्याच्या पडद्यातून जिवाणूच काय, विरघळलेले बहुतेक क्षारही पार होत नाहीत. एक पेला पाणी मिळवताना दोन-तीन पेले पाणी क्षारांचा भार घेऊन बारीक नळीने मोरीत जातं. पडदा किती सूक्ष्म हे जाहिरातीत सांगतात. नळीतून काय जातं हे बहुधा सांगत नाहीत. २०१९ च्या मे महिन्यात राष्ट्रीय हरित लवादाने हा विषय हाती घेतला. पाण्यातल्या विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तिथे आरओवर बंदी घालावी, आणि जिथे परवानगी असेल तिथे निदान ६० टक्के पाणी वापरात यावं, असे निर्देश त्याने पर्यावरण मंत्रालयाला दिले. यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांनी हरकत घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. लवादाच्या आदेशात जीव, अहिंसा, पाप हे शब्द येण्याचं कारण नव्हतं. विचारलेला प्रश्न मात्र पाण्याच्या दुसऱ्या भागाचाच होता: गाळून बाजूला काढलं ते कुठे जातं, आणि त्याची जबाबदारी कुणाची.